शालूचं चावणं

१२ जून १९९७
शाळेतून परत बोलावणं. शालूने शेजारच्या आर्याच्या हाताला चावा घेतला — रक्त आलं. मग बाकाखाली जाऊन बसली, बाहेरच येईना. श्यामला मिस म्हणाल्या, "अभ्यासात हुशार आहे हो. पण असंच चाललं तर ठेवता येणार नाही." मी बरं म्हटलं. रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली. मला काहीच वाटलं नाही.

१३ जून
उल्हास म्हणतो, आपली लेक लाडावलीय. सासूबाईंचा पुण्याहून फोन — "वर्षभर माझ्याकडे पाठव. सरळ करते." बरं म्हटलं.

१७ जून
जयनगरला मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. कावेरी मॅडम, कानडी असल्या तरी बेळगावच्या, मराठी बोलतात. सगळं सांगितलं. जन्मली तेव्हा रडली नव्हती, निळी पडली होती. मेंदूला प्राणवायू कमी पडला. दुसऱ्या दिवशी झटके आले. पण पुढे वेळेवर चालली, वेळेवर बोलली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, सुटली. पेढे वाटले. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही.

मॅडम म्हणाल्या, "हातपाय त्यातून सुटले. पण अशा काही मुलांना पुढे राग, भीती आवरणं जड जातं. हिचं त्यामुळेच आहे, असं छातीठोक नाही सांगता येणार. मुद्दाम करत नाही, एवढं नक्की. स्वल्प, म्हणजे थोडा, वेळ द्या तिला."

उल्हास मान खाली घालून बसला होता. डोळे पुसले त्याने. मी खिडकीतून बसथांबा बघत होते.

१८ जून
काही नाही. भात लावला. शिट्टी झाली की शालू कान झाकते.

२४ जून
मॅडम शालूशी एकटीशीच बोलल्या, मग मला आत घेतलं. ती खाली बसून चित्र रंगवत होती. "मघाशी मला सांगितलंस, ते आईला सांगशील?"

शालूने मान वर केली नाही. "शाळेत मला वाटतं, घरी आई नसेल."

"अगं, मी घरीच तर असते."

"असतेस. पण बोलत नाहीस. नसल्यासारखीच."



२५ जून
सासूबाईंना फोन केला. नाही पाठवत म्हटलं. मग मॅडमकडे वेळ मागितली. "शालूसाठी ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. माझ्यासाठी.