भाग न जाणारा टेलिफोन

रावपुरा, बडोदे
२८ सप्टेंबर १९९६

ती. भास्करदादांस,

दत्तूचा नमस्कार (खाली वाकण्यापूर्वी हल्ली गुडघ्यांची परवानगी घेतो, तुमचे कसे आहेत?). माझ्या हातचा देव्हारा तुम्हांला ठाऊक आहे, सायकलच्या चाकावर फिरणारं शेवयांचं यंत्रही, आणि मुंबई सोडून जगातली सगळी स्टेशनं लागणारा रेडिओ. त्यांत यंदा भर पडली: सागवानी फळीला सहाशे चाळीस भोकं, त्यांत खुंट्या, असं मूळ संख्या निवडण्याचं यंत्र.

त्याचं असं झालं, की नऊ वर्षांनी टेलिफोन आला. नंबर ४१४७२७. (शेजारच्या बळवंतरावांचा साध्या पाचाने जातो, पण कोणाच्या नंबराला हसू नये.) माझा तिनाने जाईना, साताने जाईना, तेव्हा मला चेव आला. तुमच्याच जुन्या पुस्तकात नियम सापडला, की वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं, एकीनेही गेला नाही तर आपली संख्या मूळ. वर्गमूळ ६४४ च्या काठाला येत होतं. फळी ६४० ला संपली. लाकूडच तेवढं होतं. उरलेल्या चार आकड्यांत काय असणार, असं म्हणून मी एकशे पंधरा भागाकार केले आणि 'आमच्या टेलिफोनला कशानेही भाग जात नाही' असं गावभर सांगत सुटलो. गणेशोत्सवात मंडळाने व्याख्यानच ठेवलं. (नववीत शाळा सुटलेल्या माणसाचं! पत्रकावर नावाआधी 'प्रा.' छापलं होतं. मी प्रत्येक पत्रकावरचं ते स्वतः खोडलं, मात्र खालचं वाचता येईल इतपतच.)

व्याख्यान रंगलं. शेवटी पहिल्या रांगेत दूर्वा निवडत बसलेल्या अहल्यावहिनी, म्हणजे बळवंतरावांच्या सौभाग्यवती, मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, यात नऊ मिळवले की सहाशे चव्वेचाळीसचा वर्ग होतो ना? मग तीन कमी गुणिले तीन जास्त."

सातवीतलं सूत्र, दादा! ६४१ गुणिले ६४७. फळीवर न मावलेल्या चारांतला पहिलाच तो. मी फळ्यावर तीनदा गुणाकार केला, तिन्हीदा बरोबर आला (माझा गुणाकार चुकत नाही, तेवढ्यापुरता चुकला असता तर काय बिघडलं असतं?). बळवंतराव मागून ओरडले, "दत्तोबा, आता रिसीव्हर एकाकडे, डबा दुसऱ्याकडे!"

लोक हसले त्याचं काही नाही. पण माझं दुकान फोटोफ्रेमचं. मी सांगेन त्या मापाची काच लोक डोळे मिटून घ्यायचे. काल एक गिऱ्हाईक स्वतःची टेप घेऊन आलं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा
दत्तात्रेय

ता. क. तुम्ही साताऱ्यास जन्मभर गणित शिकवलंत. ६४१ या संख्येविषयी थोडीफार शंका घेता येत असेल, तर मंडळाच्या नावे चार ओळी लिहाव्यात. ठळक अक्षरांत.

आणखी ता. क. कापडवाले चंपकभाई आत्ताच येऊन गेले. त्यांचे दोन्ही मुलगे वेगळे होताहेत. "दत्तुभाई, आवा सरखा भाग तो वकील पण न पाडे," म्हणाले (इतके सारखे वाटे वकीलही पाडत नाही, म्हणे). असा जवळजवळ निम्मेनिम्मे होणारा नंबर वाटणीला शुभ, म्हणून टेलिफोन त्यांना हवा आहे. अट एकच: ६४१ ने भाग जातो, असं माझ्या सहीने लिहून द्यायचं. मी साफ नाही म्हटलं. एकवीस हजार देत होते.