पेटी, छत्री आणि दोन जिल्हे

दि. २२ मे १९८३

चि. बसवराज यास गुरुलिंगदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. मागच्या पत्रात तू फक्त आमच्या तहसील कचेरीच्या तब्येतीबद्दल लिहिलंस. (ते साहेबांना वाचून दाखवलं नाही. त्यांना रक्तदाब आहे.) इकडे सर्व क्षेम. टँकर चौथ्या दिवशी येतो आणि लातूर जिल्हा नऊ महिन्यांचा होऊन रांगायला लागलाय.

पेटीचं झालं ते असं. तुमच्या हैदराबादच्या संशोधन केंद्रानं आकाशात सोडलेल्या फुग्याची पेटी शिवरात्रीनंतर उतरली ती नेमकी शिवेवर. पेटी संगप्पाच्या रानात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. तिला खाली उतरवणारी हवाई छत्री बांधापलीकडे, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. तिकडचे तलाठी मार्तंडराव म्हणाले, छत्री आमची, तर तिला लोंबकळणारं सामानही आमचंच. आमचे साहेब म्हणाले, जिल्हा नवा आहे म्हणून कुणीही काहीही उचलून न्यावं काय? दोन पंचनामे झाले. दोन्हीकडे अंगठा देऊन संगप्पा वैतागला : "वरून पडलं की साहेब, म्या काय केलो त्यात?" शेवटी छत्री नांदेडला गेली आणि पेटी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दुष्काळी कामाच्या घमेल्यांशेजारी.

आत प्लास्टिकचे पातळ थर आहेत, त्यांवर अवकाशातून आलेल्या कणांच्या खुणा उमटतात, हे तू कळवलं होतंस. त्यांतलं बेरिलियम-दहा म्हणे पंधरा लाख वर्षांत निम्मं होतं. किती उरलं ते मोजलं की कण किती काळ भटकले ते कळतं, आणि त्यावरून आपल्या आकाशगंगेभोवतीचं प्रभामंडळ कुठवर पसरलंय याचा अंदाज येतो. मला लगेच पटलं. (अर्जदाराच्या वहाणा किती झिजल्यात यावरून तो किती टेबलं फिरला, हे मीही सांगतो.) कोटभर वर्षं भटकून जे आले, त्यांच्या खुणा आमच्या शेडमधल्या अडीच महिन्यांच्या उन्हानं पुसल्या. तुझी सात वर्षांची मेहनत गेली. बसू, मला फार वाईट वाटतं. हे वाक्य तीनदा खोडलं; वीस वर्षांच्या कारकुनीत असलं काही लिहायची सवय राहिली नाही.

तुझा,
गुरुलिंगदादा

ता. क. : नांदेडचा तंटा आठच दिवसांत मिटला होता. पेटी सोडायला 'मूळ मालकाने जातीने हजर राहून ओळख पटवावी' ही अट कुठल्याच नियमात नाही, ती माझी. तुझा माणूस अधिकारपत्र घेऊन दोनदा आला, दोनदा सही जुळत नाही म्हणून मीच परतवून लावला. (जुळत होती.) सहा वर्षांत तू घरी फिरकला नाहीस. शांतम्माकाकू म्हणाल्या होत्या, "ह्या आईसाठी न्हाई आला, पेटीसाठी तरी येईल की रे." उन्हापासून जपा, असं तू लिहिलं होतंस. ओलं पोतं टाकायचं होतं. पाणी नव्हतं, कोरडंच टाकलं.

आणखी एक : शेवटी वरून हुकूम आला आणि तुमची गाडी पेटी घेऊन गेली, हे काकूंना सांगितलेलं नाही. दर सोमवारी त्या कचेरीत येऊन विचारतात, "हाय ना पेटी?" मी रिकाम्या शेडचं कुलूप दाखवतो. त्या हात जोडून घरी जातात. पेटी गेली हे त्यांना सांगायची माझी छाती नाही. तेवढं तूच येऊन सांग.