न काढलेला नमुना

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र तसंच कपाटावर टाकावंसं वाटलं असेल तुला. टाकलं असतंस तरी माझी तक्रार नव्हती. पण उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. मधेच उठून शेडकडे जाऊ नकोस, ती तुझी लहानपणापासूनची खोड आहे. चौदा महिने आपण बोललो नाही. म्हणजे तू बोलला नाहीस, आणि फोन उचलायचं मला धाडस झालं नाही. तुझ्या शेडच्या दारावर विक्रीबंदीचा कागद लागला त्या दिवशी मी माझ्या हाताखालच्या निरीक्षकाला, आमच्या लंबूला, पाठवू शकले असते. तुझी फाइल त्याच्याकडेच होती. पण ताई भावाला पाठीशी घालते असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच आले. केवढं मोठं हे माझं नाक! तू चार शिव्या घातल्या असत्यास तर मी सुटले असते रे. तू नुसतं पेन मागितलंस, पोच म्हणून सही केलीस आणि मला पाणी हवं का ते विचारलंस.

तू कुंड्यांच्या मातीची पहिली नोंदणी करायला आमच्या खत-माती तपासणीच्या ऑफिसात आलास तो दिवस आठवतो का? प्रत्येक मिश्रणाची वेगळी वार्षिक फी आणि वर विकलेल्या दर टनामागे तपासणी फी, हे ऐकून तुझं डोकं सणकलं होतं. आमच्याच पोत्यांतून तुमचे पगार काढता आणि वर नमुन्यासाठी आमच्याच पोत्यांत सळई खुपसता, असं तू भर ऑफिसात म्हणालास, आणि तुझ्यासोबत आलेल्या वहिनीला हसू आवरेना. मग मी तुम्हा दोघांना समोर बसवून चांगलं अर्धा तास लेक्चर झोडलं. सरकारी तिजोरीतून आमच्या खात्याला काही मिळत नाही, गाडीचं पेट्रोल, प्रयोगशाळेतली माणसं, ती पोकळ सळईसुद्धा या फीवर चालते, असं सांगितलं. खत काय नि माती काय, नुसती बघून कळत नाही. घेणारा लेबलवर भरवसा ठेवतो, आणि तो भरवसा खरा आहे की नाही ते आम्ही बघतो. तुझ्या मालात नकळत काही बिघडलं, तर बाजारात बोभाटा व्हायच्या आधी ते तुला आमच्याकडून कळेल. हे शेवटचं वाक्य तर मी अगदी छाती ठोकून बोलले होते. तुला ते पटलं. त्यानंतर कुरकुर करत का होईना, तू एकाही तिमाहीची फी चुकवली नाहीस. फी उशिरा भरणाऱ्यांची यादी निघाली की मी ती मुद्दाम वाचायची, आणि तुझं नाव त्यात नाही म्हणून मनातल्या मनात मिरवायची.

तुझा नोंदणीचा अर्ज टेबलावर आला तेव्हा मी त्यावर लिहिलं, की अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे, या फाइलशी माझा संबंध ठेवू नये. खाली सही, तारीख, शिक्का. माझं मलाच इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. नव्या निरीक्षकांना मी ती फाइल उदाहरण म्हणून दाखवायची. शेडमधून तू मातीचं पोतं गाडीत ठेवायला निघालास की मी अंगावर पाल पडल्यासारखी ओरडायची. तू हसून म्हणायचास, ताईला लाच नको, तर घे बाई दुकानातून विकत. आणि मी खरंच विकत घ्यायची.

फाइल लंबूकडे गेली. माणूस वाईट नाही तो, पण भिडस्त. तुझा नमुना पास झाला तर लोक म्हणणार साहेबांचा भाऊ, नापास झाला तर साहेबांचं तोंड बघावं लागणार, म्हणून त्याने मधला रस्ता काढला आणि तुझ्याकडे गेलाच नाही. हे त्याने मला आत्ता, सगळं झाल्यावर, रडत रडत सांगितलं. पण मी काय झोपले होते? दर वर्षअखेरीला कुणाचे किती नमुने काढले याचा तक्ता माझ्यासमोर येतो. तुझ्या ओळीतला रकाना सहा वर्षं कोरा होता, बारक्या. मी तो सहाही वेळा पाहिला. विचारायला गेले तर ढवळाढवळ केल्यासारखं होईल, अशी स्वतःची समजूत घालायची आणि सही करून तक्ता पुढे ढकलायचा. शहरातल्या प्रत्येक पोत्यात आमची सळई जाऊन आली, नाही गेली ती तुझ्या पोत्यात. तपासणीसाठी तू फी भरत राहिलास आणि आम्ही ती बिनदिक्कत घेत राहिलो.

आमच्याकडे एक अगदी साधी परीक्षा आहे. आलेल्या मातीत घेवड्याचे दाणे पेरायचे आणि तीन आठवडे नुसतं बघायचं. पानं सरळ आली तर माती बरी. ज्या गोठ्यातून तू शेणखत घ्यायचास, त्यांनी गवत बदललं होतं, आणि त्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं. ते गुराच्या पोटातून, शेणातून, तुझ्या कुजत्या खताच्या वाफाळत्या ढिगातूनही जसंच्या तसं निघालं. तुला ते कळणं शक्यच नव्हतं. आमच्या घेवड्याला ते पहिल्याच खेपेला कळलं असतं. त्याऐवजी कळलं ते तीन रोपवाटिकांना, ऐन हंगामात, हजारो रोपं माना टाकून बसल्यावर. वर लोक काय म्हणाले, तर स्वस्तातलं खत मुद्दाम मिसळलं. ज्या माणसाने आयुष्यात कधी ओलं पोतं शिवू दिलं नाही त्याच्याबद्दल हे बोललं गेलं, आणि मी मीटिंगमध्ये मान खाली घालून बसले.

एवढंच असतं तर मी हे पत्र कदाचित लिहिलंही नसतं. हलगर्जीपणा झाला म्हणून हात वर केले असते. पण अजून एक गोष्ट आहे, आणि ती मी कुणालाही सांगितलेली नाही. त्या हंगामाच्या दोन महिने आधी मी दुकानातून तुझं एक पोतं आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टोमॅटोची चार रोपं लावली. पंधरवड्यात त्यांची नवी पानं आत वळायला लागली, मुठी आवळल्यासारखी. तणनाशकाचं ते वळण मी ओळखते रे! त्याचा फोटो माझ्या ऑफिसच्या भिंतीवर आहे, मीच लावलाय. मी एक पान बोटाने उलगडूनही पाहिलं. मग म्हटलं पाणी जास्त झालं असेल, खिडकीत ऊन कमी असेल, मला कुठे बागकाम जमतंय. आणि चारही रोपं मातीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. तेव्हा तुझी बहुतेक पोती शेडमध्येच होती. एक फोन केला असता तर ती तिथेच थांबली असती. तू एकदा हळहळला असतास, गोठा बदलला असतास आणि पुन्हा कामाला लागला असतास. मी फोन केला नाही, कारण मग माझ्या भावाच्या फाइलीत मीच ढवळाढवळ केल्यासारखं झालं असतं. स्वतःचं नाव स्वच्छ ठेवायच्या नादात मी तुला बुडवलं.

काल वहिनीचा फोन आला होता. तुला न सांगता केला, तिच्यावर रागावू नकोस. तू ढीग उलटायचं यंत्र विकलंस, हे तिच्याकडूनच कळलं. तुझ्या वकिलाने कबुलीचा कागद तयार केलाय, माल सदोष आहे हे माहीत असून विकला असं त्यात लिहिलंय, आणि एकदाचं संपवून टाकू म्हणून तू बुधवारी त्यावर सही करणार आहेस, असं ती म्हणाली. म्हणून हे पत्र. सही करू नकोस. काल संध्याकाळी मी माझा जबाब लिहून दिला आहे. कोऱ्या रकान्यांचा, लंबूच्या नव्हे, माझ्याच सह्यांचा, आणि त्या चार रोपांचाही. गुरुवारच्या सुनावणीत तो वाचला जाईल. नोकरी जाईल, जाऊ दे. तू मला माफ करावंस म्हणून हे केलेलं नाही, आणि तू ते एवढ्यात करूही नकोस. पण जे तुला माहीतच नव्हतं ते माहीत होतं असं लिहून देऊ नकोस. माहीत मला होतं. गुरुवारी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसत आले. या वेळी अलीकडे, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचंय मला. तू बसू दिलंस तर.

तुझीच, तू अजून म्हणत असशील तर,
ताई