देवराईतलं लोखंड

आण्णा,

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नीट चालता येईतोवर पुण्यात दादाकडेच आराम करा. इकडची काळजी नको असं फोनवर म्हटलं, ते अर्धंच खरं.

आपल्या देवराईत कुणी लोखंड नेत नाही, कोयतासुद्धा बाहेर ठेवतो. तरी गेल्या उन्हाळ्यात तुम्ही पाचोळा झाडून, सळ्या टाकून थोरल्या जांभळाच्या एका बाजूला कोबा घातलात. दर्शनाला येणाऱ्यांचे पाय चिखलात नकोत म्हणून. यंदा त्याच बाजूची फांदी वाळली.

पाऊस आता पहिल्यासारखा धीरानं पडत नाही. आठवडेच्या आठवडे कोरडे जातात, मग एकदम कोसळतो आणि जमिनीत पाणी तुंबतं. खाली जीव गुदमरतो म्हणून बारीक मुळं वर पाचोळ्यात येतायत. मी हातानं माती सारून बघितलं. कोब्याच्या कडेची सगळी काळी पडून मेलीत.

उद्या सकाळी मी तो फोडणार. कोडोलीहून पहार आणलीय. गुरवमामा म्हणाले, "पोरी, राईत लोखंड न्यायचं न्हाय."

मी म्हटलं, "मामा, कोब्यात सळ्या हायत की! त्या काढते, मग पहारही बाहेर."

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर पहिल्या एसटीनं येऊन कोब्यावर बसाल, आणि मग माझ्यानं पहार उचलवणार नाही.

दिवाळीला या. लहानपणी मला न्यायचात तसे दोघं अनवाणी जाऊ. पायाला मुळं लागली, की मग काय ते रागवा.

तुमचीच हट्टी,
निशिगंधा