पुढच्या चाकाचं बेअरिंग

तीर्थरूप दादांस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुमची शुगर, वहिनींची पाठ आणि शेजाऱ्यांचा कुत्रा हे तिघेही आटोक्यात असतील अशी आशा करतो.

पत्रास कारण की, माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकातून महिनाभर गिरणीसारखी घरघर येत होती. मेकॅनिकने कान लावला आणि बेअरिंगं गेली म्हणून सांगितलं. तो बदलून देतच होता, पण निवृत्त माणसाला रिकामा रविवार (मला आठवड्यात सात येतात) स्वस्थ बसू देत नाही. नवी जोडी घेऊन मी घरीच बैठक मारली. चाक निघालं, बेअरिंग निघेना. दोन तास हातोडा चालवला. हिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, म्हणजे तिचं मत मला कळलं.

शेवटी सूनबाई बाहेर आली. (ती दातांची डॉक्टर. लग्नाला सहा महिने झाले, तरी आमचं बोलणं "चहा ठेवू?" आणि "ठेव" याच्या पुढे गेलं नव्हतं.) बराच वेळ बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही एकाच बाजूने ठोकताय. दाढसुद्धा अशी निघत नाही. थोडं इकडून, थोडं तिकडून, आधी सैल करायचं." तिने सळई धरली, मी ठोकलं, आणि पाच मिनिटांत दोन्ही बेअरिंगं बाहेर. नवी तिने फ्रीजरमध्ये ठेवून आकसवली, तीही मुकाट चाकात बसली. मी शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तोच तिने वर्तमानपत्रावरून एक पोकळ नळी उचलली. "ही कुठे बसते?"

ती दोन बेअरिंगांच्या मधे बसते, दादा. आधी.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही चूक कबूल केलेली नाही. ही नळी जास्तीची आली आहे, असं सांगायच्या बेतात होतो. पण ती शेजारी बसली आणि म्हणाली, शिकत असताना तिने एकदा भलताच दात कोरला होता, आजवर कुणाला सांगितलं नाही. मग मीही म्हणालो, "विसरलो मी."

ठोकून काढताना नवी जोडी वाया गेली. दुसरी आणायला आम्ही दोघं चालत गेलो. वाटेत ती म्हणाली, या घरात कुणी भांडत नाही, म्हणून तिला वाटायचं सगळे रागावलेत. मी म्हटलं, आम्हाला भांडण सुरू कसं करायचं तेच जमत नाही. ती इतकी हसली की दुकानदाराने वर पाहिलं. संध्याकाळी चाक फिरवलं, आवाज नाही. ती पुढे बसली, मी मागे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

तुमचा धाकटा

ता.क. खरं म्हणजे बेअरिंग हे निमित्त. मुलाच्या लग्नपत्रिकेत तुमचं नाव माझ्या नावाखाली गेलं, म्हणून तुम्ही लग्नाला आला नाहीत. मी छापखान्यावर ढकललं. पण मजकूर मीच तपासून दिला होता. चूक माझी. आता या.

ता.क. दुसरा. यायचं की नाही याचा फार विचार करू नका. हिने तुमच्यासाठी कोपऱ्यातली खोली झाडून ठेवली आहे, आणि आता हिला नाही म्हणायला मी काही तुमच्या वतीने जाणार नाही.