बोटीच्या पोटातली खोली

माझ्या दिनांक १७ मार्च २०१९ च्या मृत्युपत्रात तिसऱ्या कलमात मी असे लिहिले होते की, आईसाठी ठरवलेली बोटीवरची बाल्कनीची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, मागच्या टोकाला, जिन्याला लागून आहे. तिच्या डोक्यावर काहीही नाही. म्हणून ती सर्वांत सुरक्षित आहे. हे चूक आहे. खोली तिथेच होती, पण तिच्या डोक्यावर काही नाही हे खरे नव्हते, आणि ती आईच्या उपयोगाची नव्हती. ते मृत्युपत्र मी रद्द करते. यापुढे हेच धरावे.

मी, नूतन गोविंदराव सावे, वय वर्षे सत्तावीस, काम टायपिंगचे, राहणार झरी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. मन स्वस्थ आहे असेही लिहायची पद्धत आहे, ते मी लिहीत नाही. गेल्या नोव्हेंबरपासून आमच्या भागात कोणाचेच मन स्वस्थ नाही, आणि एक वाक्य खोटे असले की सगळा दस्त संशयाचा होतो, असे मला घरात शिकवले आहे. माझे वडील डहाणूला कचेरीबाहेर बसून दस्त लिहीत. शाळेत जाण्याआधी मी अक्षरे गिरवली ती ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची. बाबा म्हणत, वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असे धरून लिहावे. तसे लिहिते.

नोव्हेंबर २०१८ पासून इथली जमीन हलते. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज होतो, मग पायाखालून काही सरकल्यासारखे वाटते. फेब्रुवारीत आम्ही दोघी जेवत असताना आमच्या मागच्या खोलीची भिंत वरपासून जोत्यापर्यंत चिरली आणि आईच्या ताटाशेजारी कौले पडली. त्या दिवसापासून माझी आई, निर्मला, छपराखाली झोपलेली नाही. सरकारी ताडपत्री मिळाली, तीही ती डोक्यावर घेत नाही, खाली अंथरते. उशाशी तांब्यावर फुलपात्र उपडे ठेवते. ते वाजले की उठून बसते. पुष्कळदा ते वाऱ्याने वाजते. तिचे डोळे आत गेले आहेत आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डहाणूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की, एकदा छपराखाली निर्धास्त झोप लागली तर शरीराला ती सवय परत आठवेल. ती कशी लागायची, ते त्यांनी सांगितले नाही.

कलम पहिले. घर व मागची चिकूची वाडी यांच्या सातबाऱ्यावर आई, माझा मोठा भाऊ जतीन आणि मी, अशी तीन नावे आहेत. माझा हिस्सा मी आईला देते. आईच्या पश्चात तो दादाचा.

कलम दुसरे, दादाबद्दल. तो वापीला असतो. भिंत चिरल्यावर तो त्याच दिवशी गाडी घेऊन आला आणि आईला स्वतःच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. तिथे आई रोज संध्याकाळी चटई घेऊन खाली उघड्या पार्किंगमध्ये जाऊन निजायची. सोसायटीतले लोक बोलू लागले. दादाने दाराला बाहेरून कुलूप लावले. तो म्हणतो, वाईट हेतूने लावले नाही, आणि ते मला मान्य आहे. पण आईने आतून दार बडवून हात सुजवून घेतले. मी तिला परत आणले. आता दादाने सांगितले आहे की, पाऊस लागायच्या आत आई घरात झोपू लागली नाही तर तो तिला कायमची वापीला नेईल. त्याचेही बरोबर आहे. ताडपत्रीवर पावसाळा निघणार नाही. माझ्याकडे मे महिना आहे.

कलम तिसरे, बोटीबद्दल. दादा तिला न्यायला आला होता तेव्हा आई रागाने म्हणाली होती, “जिच्याखाली जमीन नाही अशी जागा दाखव, तिथे झोपते.” दादा हसला. मला हसू आले नाही, कारण अशी जागा आहे. मुंबईहून मोठ्या प्रवासी बोटी निघतात. इथल्या किनाऱ्यावरच्या वरोर गावातल्या एखाद्या मच्छीमार होडीत का नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. होडीवर छप्पर नसते. आईला छपराखाली झोप लागायला हवी आहे. आणि बंद खोली तिला सोसत नाही, म्हणून उघडता येणारे दार आणि बाल्कनी हवी. सर्व बचत मी त्यात घातली. त्यामुळे या मृत्युपत्रात बचतीचे वेगळे कलम नाही.

डहाणूरोडचे बुकिंगवाले मनिषभाई यांनी बोटीचा नकाशा समोर ठेवला आणि खोली मी निवडली. मी ती अंगणात झोपणाऱ्या माणसासारखी निवडली. या सहा महिन्यांत आम्ही सगळे एवढेच शिकलो आहोत की कडेला झोपावे, पळायला वाट जवळ असावी, डोक्यावर काही नसावे. म्हणून सर्वांत वर, सर्वांत मागे, जिन्याजवळ. मनिषभाई म्हणाले, “बेन, बरोबर चॉइस केली. लोकं त्यासाठी लाइन लावते.” मी घरी येऊन आईला सांगितले, डोक्यावर काही नाही. ती प्रथमच यायला तयार झाली.

नंतर मी सर्व मजल्यांचे नकाशे छापले आणि बाबा मोजणीचे नकाशे पाहत तसे एकावर एक ठेवून उजेडाला धरले. आमच्या खोलीच्या बरोबर वर, बोटीच्या उघड्या गच्चीवर, पोहण्याचा तलाव आणि त्याभोवती खुर्च्या होत्या. खुर्च्या पहाटेपासून ओढतात असे त्या बोटीवरून जाऊन आलेल्यांनी इंटरनेटवर लिहिले आहे. मागच्या टोकाला बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची थरथर पलंगापर्यंत येते. वरच्या मजल्याला झोकाही जास्त बसतो. म्हणजे आईला ज्यांची भीती आहे, वरून आवाज आणि खालून थरथर, त्या दोन्ही गोष्टी मी निवडून घेतल्या होत्या.

बोटीवर सगळे उलटे आहे. तिथे मध्ये झोपावे. म्हणून मी खोली बदलून घेतली. मनिषभाई म्हणाले, “लोकं खालून वर जायला भांडते, तुम्ही वरून खाली येते.” पण बदलून दिली. मी नसले आणि बोटवाल्यांनी ऐनवेळी दुसरी खोली देऊ केली, तर दादाने पुढील गोष्टी पाहाव्यात. खोली लांबीच्या मध्यावर असावी आणि तिच्या वरही झोपायच्या खोल्या असाव्यात व खालीही. वर तलाव, स्वयंपाकघर, खाली नाचगाण्याचा हॉल असे काही नको. पुढच्या टोकाची नको, तिथे नांगराची साखळी सुटते तो आवाज आपल्याकडच्या आवाजासारखाच असतो. लिफ्टला लागून नको. शेजारच्या खोलीत उघडणारे आतले दार असेल ती नको, त्यातून बोलणे ऐकू येते. बाल्कनीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नसावी. आई तिच्याकडेच बघत राहील. कठड्याला काच असावी, पत्रा नसावा, म्हणजे पडल्यापडल्या पाणी दिसेल. फुकट मोठी खोली देतो म्हणाले तरी हे सर्व पाहिल्याशिवाय हो म्हणू नये. दाराला आतून कडी चालेल. बाहेरून कोणी काही लावू नये.

आता आईला सांगणे आले. दादा फोनवर म्हणाला, “सांगायचं कशाला? ती काय मजले मोजत बसणार आहे?” पण मी तिला डोक्यावर काही नाही असे सांगून तयार केले होते. तिला फसवून नेले तर ती छपराखाली निर्धास्त झोपली असे कसे म्हणता येईल? मी गेल्या रविवारी सांगितले. आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. शेजारच्या रूपीकाकी मदतीला होत्या.

“वर किती मजले?” आईने विचारले.

“चार.”

“चार मजले डोक्यावर घेऊन झोपायचं. इथे एकच छप्पर आहे, तेही कौलांचं. मग इथंच काय वाईट?”

मी म्हटले, इथे खाली जमीन आहे.

“तू झोपतेस आत?”

फेब्रुवारीपासून मी स्वयंपाकापुरती आत जाते आणि भाकरी थापताना डोळा दारावर असतो. हे आईला माहीत आहे.

“मला बोटी दाखवतेस आणि स्वतः उंबऱ्याच्या आत पाठ टेकत नाहीस,” आई म्हणाली. “आधी तू घरात झोपून दाखव. मग मी झोपते तुझ्या चार मजल्यांखाली.”

रूपीकाकी म्हणाल्या, “पोरीला कशाला घालते गो आत, मीच जाते. माझा काय, मी घोरते, भुई हलली तरी मला कलणार नाय.” आम्ही तिघी हसलो. आई बऱ्याच दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी बोलून गेले, मनावर घेऊ नको. मी विचारले, मग बोटीतल्या खोलीचे काय? तेव्हा ती गप्प बसली, आणि अजून गप्प आहे. अट तिने मागे घेतली. नकार मागे घेतला नाही.

म्हणून मी घरात झोपणार आहे. पाहणीला आलेल्या साहेबांनी मागची खोली वापरू नका, पुढची चालेल, असे तोंडी सांगितले आहे. लिहून दिलेले नाही. मी पुढच्या खोलीत झोपेन. पुढचे दार उघडे राहील. आईला समोर अंगणात बसून बघायचे असेल तर कोणी अडवू नये. मला फार भीती वाटते. ही भीती लिहिल्याने दस्त कच्चा होत नाही, असे मी समजते.

कलम चौथे. बाबांची लिहायची पेटी दादाच्या मुलीला. तिने तिच्यात टिकल्या आणि रबरबँड ठेवले तरी माझी हरकत नाही. शिलाई मशीन मी आजच, हयात असताना, रूपीकाकींना दिले आहे. त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये. ते कालच्या तारखेने दिले असे लिहिणार होते, पण दिले आज.

कलम पाचवे, सर्वांत महत्त्वाचे. घर पडले आणि मी गेले, तर आईच्या बोलण्यावरून मी आत गेले असे कोणीही म्हणू नये, तिच्यासमोर नाही आणि तिच्यामागेही नाही. आई, तू अट मागे घेतली होतीस. त्यानंतर मी माझ्या मनाने गेले. माझ्या जागी दादाने आईबरोबर जावे; प्रवाशाचे नाव बदलता येते, मनिषभाईंना विचारले आहे. बोट २० मे रोजी आहे. त्या वेळी आई म्हणेल की नूतन उठली नाही, तेव्हा अट पुरी झाली नाही. तिला सांगावे की अट झोपण्याची होती. उठण्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

आणि मी उठले, तर हा कागद तिला दाखवू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांना समजला, आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

नूतन गोविंदराव सावे

साक्षीदार:
१. मनिष कांतीलाल शाह, डहाणूरोड (सही)
२. रूपी रघ्या धोडी, झरी (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: झरी. लिहिल्याचा दिवस: गुरुवार, दिनांक ९ मे २०१९.

घरात झोपण्याचा दिवस: शनिवार, दिनांक ११ मे २०१९.