हळूबाईचं पाचवं पुस्तक

३ नोव्हेंबर

पुन्हा कामावर! हे गेल्यापासून पहिल्यांदाच पर्स खांद्याला अडकवली. काही वाटलं नाही. मुलाचा फोन — "आई, इतक्यात कशाला? घरी बस ना." घरी बसून काय करू?

काम सोपं आहे. लहान मुलांची वाचन केंद्रं बघायची, ठरल्याप्रमाणे चालली आहेत का ते सांगायचं. आठवड्याला एक चित्रांचं पुस्तक. आता नववं चालू हवं.

४ नोव्हेंबर

शिंप्याच्या दुकानावरची खोली. खालून मशीनचा खडखडाट. चटईवर चार-पाच वर्षांची मुलं, आणि हातात पुस्तक — पाचवं! हरवलेल्या मोज्याचं.

शिकवणाऱ्या ताईंचा आवाज बसलेला. म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे रीत आहे. प्रत्येकाने आपल्या परीने सगळ्यांना वाचून दाखवायचं. मगच पुढचं पुस्तक."

"मग अडलंय कुठे?"

मुलंच ओरडली, "हळूबाईचं राहिलंय!"

हळूबाई म्हणजे एक चिमुरडी, भिंतीला टेकून. पुस्तक मांडीवर, ओठ हलतात, आवाज नाही. ताई म्हणाल्या, आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. शेजारची दोन वेण्यांवाली मला दटावते कशी — "ती मनात वाचतेय. मनातलं संपलं की बाहेर येईल. तुम्ही बघू नका तिच्याकडे!"

मी खिडकीकडे बघत बसले.

आमच्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. ओळीखाली त्यांचं बोट असायचं. मी अडले की बोटही तिथेच थांबायचं, कितीही वेळ. त्या बोटाला खडूचा वास यायचा. सगळं आठवलं. पण आत कुठे पोचलं नाही.

५ नोव्हेंबर

साहेबांना फोन केला. "हो की नाही, एवढंच सांगा, बाई. मागे पडलेली केंद्रं महिनाअखेर बंद करायचीत." मी कारण सांगू लागले. "कारणं ऐकायचा मला पगार नाही हो!" हसले. मीही हसले बहुतेक.

६ नोव्हेंबर

दूध उतू गेलं. समोरच उभी होते.

७ नोव्हेंबर

राहवलं नाही. पुन्हा गेले. जिन्यातच ताईंना सगळं सांगून टाकलं. "मी अहवालात अजून काही लिहिलेलं नाही. महिनाअखेर परत येते. तोवर बाकीची पुस्तकं उरकून घ्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी. माझा हात सोडेनात. "मॅडम, देवासारख्या आलात!"

येताना बसमध्ये जरा बरं वाटलं. म्हणजे, वाटल्यासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर

मुलगा येऊन गेला. ह्यांचे कपडे कोणाला तरी देऊन टाक म्हणाला. तूच दे म्हटलं.

२८ नोव्हेंबर

बारावं पुस्तक! अगदी वेळेवर. मुलं एका सुरात, खणखणीत. पानं पटापट उलटत होती.

भिंतीशी कोणी नव्हतं. विचारलं. सगळी मुलं ताईंकडे बघायला लागली.

"आठवडाभर आली, मॅडम. रोज ते मोज्याचंच मागायची — बोट दाखवून. मी कपाटात ठेवून दिलं. मग यायचीच बंद झाली." मग हळूच — "पण आपण वेळेवर आलो ना?"

'हो' लिहिलं.